उबुंटूवर विनबॉक्स उघडतो, पण नेबर्सची यादी रिकामी. आणि नेटइन्स्टॉलचं काय करायचं?

केबलखोली

नमस्कार मंडळी. केबल-इंटरनेटच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर आहेत, तिन्हींवर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या मशिनांत टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसल्यामुळे विंडोज ११ रीतसर बसत नाही. म्हणून तिन्हींवर उबुंटू २४.०४ टाकलं. बिलिंग ब्राउझरमध्ये चालतं, त्याची अडचण नाही. अडचण मायक्रोटिकची, म्हणजे आमच्या राउटरांची आहे.

उबुंटूच्या भांडारातला वाइन ९.० (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा) घेतला आणि विनबॉक्स ३.४१ ची (मायक्रोटिकचे राउटर सांभाळायचा विंडोज प्रोग्राम) ६४-बिट फाइल त्यावर उघडली. सध्याची स्थिती अशी:

१) आयपी पत्ता टाकून लॉगिन होतं, सगळ्या खिडक्या नीट उघडतात.
२) नेबर्स टॅब (जवळचे राउटर आपोआप दाखवणारी यादी) कायम रिकामा. टेबलावर नवा कोरा हेक्स राउटर, आरबी७५०जीआर३, वायरने थेट जोडलेला असला तरी दिसत नाही.
३) स्टिकरवरचा मॅक पत्ता (राउटरच्या पोर्टचा कारखान्यातला क्रमांक) हाताने टाकला तर ‘कनेक्टिंग’वर अडकून राहतं.
४) नेटइन्स्टॉलची (राउटरची सिस्टिम नव्याने टाकणारा प्रोग्राम) विंडोज फाइल वाइनमध्ये उघडते, पण तिला राउटर सापडत नाही.
५) जुन्या विंडोजमधली साठ-सत्तर राउटरांची सेव्ह केलेली यादी इकडे कशी आणायची?

लॅपटॉपवर वाय-फायने इंटरनेट चालू असतं आणि वायर राउटरला असते. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू आहे. वाइनमध्ये काही जास्तीचं टाकावं लागतं का?

---

तांब्याचीतार

वाइनमध्ये काहीही जास्तीचं टाकू नका. पहिल्यांदा उघडताना तो मोनो आणि गेको हे जोड-प्रोग्राम मागतो, तेही ‘रद्द करा’ म्हणा. विनबॉक्सला दोन्ही लागत नाहीत. आयपीने लॉगिन होतंय याचा अर्थ वाइनचं काम झालं. ते टीसीपीच्या ८२९१ क्रमांकाच्या पोर्टवरचं साधं कनेक्शन आहे. नेबर्सची यादी मात्र यूडीपी ५६७८ वरच्या ब्रॉडकास्टने (वायरीवरच्या सगळ्यांना एकदम घातलेली हाक) भरते आणि मॅक पत्त्याचं लॉगिन यूडीपी २०५६१ वरच्या ब्रॉडकास्टने चालतं. तुमचा प्रश्न दोन आणि तीन हा एकच प्रश्न आहे: ब्रॉडकास्ट योग्य वायरीवरून बाहेर पडतोय का, आणि आलेलं उत्तर विनबॉक्सपर्यंत पोचतंय का. याच क्रमाने तपासा.

वायर कुठे लावली आहे? हेक्सच्या कारखान्यातल्या कॉन्फिगमध्ये पहिलं पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी असतं. त्या पोर्टवरून आलेल्याला फायरवॉल आत घेत नाही, आणि नेबर डिस्कव्हरी व मॅक-विनबॉक्स दोन्ही फक्त ‘लॅन’ यादीतल्या पोर्टांवर चालू असतात. नवा राउटर दिसत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची वायर पहिल्या पोर्टात असते. दोन ते पाच यांपैकी कुठेही लावा.

कॉम्प्युटरच्या वायरच्या इंटरफेसला आयपी आहे का? इथे विंडोज आणि लिनक्स वेगळे वागतात. डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारी सेवा) उत्तर आलं नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं, म्हणून ब्रॉडकास्ट चालू राहतो. उबुंटूतला नेटवर्क मॅनेजर ४५ सेकंद वाट बघतो, मग कनेक्शन अयशस्वी ठरवून सोडून देतो. इंटरफेसवर आयपी उरत नाही आणि विनबॉक्सला पाठवायला जागाच राहत नाही. कोऱ्या हेक्सला स्वतःचं डीएचसीपी असतं, त्यामुळे तिथे हे जाणवणार नाही. पण ‘नो डिफॉल्ट कॉन्फिगरेशन’ करून रिसेट केलेल्या राउटरवर नक्की जाणवेल.

उपाय: वायरसाठी वेगळं प्रोफाइल करा. नाव ‘राउटर-टेबल’ ठेवा. आयपीव्ही४ मॅन्युअल, पत्ता १९२.१६८.८८.१०, नेटमास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. खाली ‘हे कनेक्शन फक्त याच नेटवर्कच्या साधनांसाठी वापरा’ असा चौकोन असतो, त्यावर खूण करा, म्हणजे इंटरनेट वाय-फायवरच राहील. आयपीव्ही६ ‘लिंक-लोकल’ ठेवा.

ब्रॉडकास्ट कुठून जातोय? वाय-फाय आणि वायर दोन्ही चालू असतील तर २५५.२५५.२५५.२५५ कडे जाणारं पाकीट डिफॉल्ट राउटच्या मागे वाय-फायवरून निघून जाऊ शकतं. अंदाज बांधत बसू नका, बघा. एका टर्मिनलमध्ये सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) टीसीपीडंप हा पाकिटं दाखवणारा प्रोग्राम सुरू करा, इंटरफेस वायरचा द्या, फिल्टर ‘यूडीपी पोर्ट ५६७८ किंवा यूडीपी पोर्ट २०५६१’. मग विनबॉक्समध्ये नेबर्सचं रिफ्रेश दाबा. वायरवर तुमच्या पत्त्यावरून एकही पाकीट निघताना दिसलं नाही तर दोन मिनिटं वाय-फाय बंद करून परत बघा. कायमचा उपाय हवा असेल तर २५५.२५५.२५५.२५५ या एकट्या पत्त्यासाठी वायरच्या इंटरफेसवर होस्ट राउट (त्या एकाच पत्त्याची ठरवलेली वाट) टाका. आयपी राउट अॅडने एका ओळीत होतं.

हे तिन्ही ठीक असेल तर उरतं यूएफडब्ल्यू. त्यावर दुसरं कुणी लिहिलं नाही तर मी लिहितो.

---

देबियनकर

फायरवॉलचं मी लिहितो, कारण इथे माणसं चुकीचा नियम टाकतात आणि मग ‘फायरवॉल उघडली तरी चालत नाही’ म्हणतात.

यूएफडब्ल्यू काय धरून चालतो ते आधी बघा. तुम्ही एखाद्या सर्व्हरला विचारलं आणि त्याच सर्व्हरने उत्तर दिलं तर ते उत्तर ‘चालू संभाषणातलं’ म्हणून आपोआप आत येतं. कर्नलमधला कॉनट्रॅक ही नोंद ठेवतो. ब्रॉडकास्टमध्ये ही नोंद जुळत नाही. तुम्ही विचारलं २५५.२५५.२५५.२५५ ला, उत्तर आलं १९२.१६८.८८.१ कडून, तेही पुन्हा ब्रॉडकास्ट म्हणून. कॉनट्रॅकच्या दृष्टीने हे अनोळखी, न मागता आलेलं पाकीट, म्हणून ते टाकून दिलं जातं.

नेबर्ससाठी: वायरच्या इंटरफेसवर, आत येणारं, यूडीपी, ज्याचं जायचं पोर्ट ५६७८ आहे, ते येऊ द्या.

मॅक लॉगिनसाठी: वायरच्या इंटरफेसवर, आत येणारं, यूडीपी, ज्याचं निघायचं पोर्ट २०५६१ आहे, ते येऊ द्या. इथेच घोळ होतो. राउटर २०५६१ वर ऐकतो आणि तिथूनच उत्तर पाठवतो. तुमच्या बाजूचं पोर्ट दर वेळी वेगळं असतं. ‘२०५६१ अलाउ’ असा साधा नियम टाकला तर तो जायच्या पोर्टाचा होतो, आणि त्याचा काही उपयोग नाही.

दोन्ही नियमांत इंटरफेसचं नाव द्यायला विसरू नका. नाव न देता ५६७८ उघडलं तर ते वाय-फायवरही उघडं राहतं.

आणखी एक. टीसीपीडंपला पाकीट फायरवॉलच्या आधी दिसतं. त्यामुळे ‘टीसीपीडंपमध्ये राउटरचं उत्तर दिसतंय, विनबॉक्समध्ये दिसत नाही’ अशी अवस्था असेल तर दोष फायरवॉलचा आहे, हे तिथल्या तिथे सिद्ध होतं.

फेडोरा वापरणाऱ्यांसाठी: फेडोरा वर्कस्टेशनच्या नेहमीच्या झोनमध्ये १०२५ ते ६५५३५ ही पोर्टं आधीच उघडी असतात, म्हणून तिथे ही अडचण येत नाही. झोन बदलून ‘पब्लिक’ केला की येते.

---

केबलखोली

दोघांचेही मनापासून आभार. तपासलं. वायर पहिल्याच पोर्टात होती, ती तिसऱ्यात घातली. प्रोफाइल केलं. टीसीपीडंपमध्ये दोन्ही बाजूंची पाकिटं दिसू लागली, तरी यादी रिकामीच. देबियनकर म्हणाले तसे दोन नियम इंटरफेसच्या नावासकट टाकले आणि हेक्स यादीत आला, मॅकवरून लॉगिनही झालं.

मॅकवरून उघडल्यावर मात्र खिडक्या फार हळू भरतात. मोठ्या राउटरवर पीपीपीओई सिक्रेट्सची (ग्राहकांच्या लॉगिन-पासवर्डची) यादी उघडली तर मधेच तुटतं. हे वाइनमुळे का?

---

तांब्याचीतार

नाही, विंडोजवरही तसंच होतं. मॅकचं कनेक्शन ब्रॉडकास्टवर चालतं, त्याला टीसीपीसारखी पक्की वाहतूक नाही. ते दार फक्त आत शिरायला आहे. आत गेलात की आयपी अॅड्रेस टाका, बाहेर या, आयपीने परत लॉगिन करा. ग्राहकांची यादी मॅकवरून कधीच उघडू नका.

त्याच बरोबर, दूरच्या राउटरवर काम करताना ‘सेफ मोड’चं बटण दाबायची सवय लावा. चुकीच्या फायरवॉल नियमाने तुम्हीच बाहेर फेकले गेलात, किंवा वाइनची खिडकी बंद पडली, तर सत्र तुटल्याचं राउटरला कळल्यावर त्या सत्रातले बदल आपोआप मागे घेतले जातात. टीसीपीचा टाइमआउट ९ मिनिटांचा असतो, तेवढी वाट बघावी लागते. घाईघाईने पॉवर काढायला माणूस पाठवू नका. मात्र सेफ मोडमध्ये एका दमात शंभरच्या वर बदल करू नका. इतिहासात तेवढेच बसतात आणि त्यापुढे मागे फिरण्याची हमी राहत नाही. वीस-पंचवीस बदल झाले की सेफ मोड सोडा, पुन्हा धरा.

---

पोर्टवाला

नेटइन्स्टॉलसाठी वाइनचा नाद सोडून द्या. त्याला बूटपीसाठी (राउटरला पत्ता द्यायला) यूडीपी ६७ आणि टीएफटीपीसाठी (फाइल पाठवायला) यूडीपी ६९ ही पोर्टं स्वतः धरावी लागतात. लिनक्सवर १०२४ च्या खालची पोर्टं साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रामला मिळत नाहीत. म्हणून खिडकी उघडते, पण आत काही येत नाही. यावर ‘सुडो वाइन’ हा उपाय सुचवला जातो. करू नका, त्याने दुसरीच दुखणी सुरू होतात.

मायक्रोटिक स्वतःच लिनक्ससाठी ‘नेटइन्स्टॉल-सीएलआय’ देतं. डाउनलोडच्या पानावर नेटइन्स्टॉलच्या ओळीतच लिनक्सची टार-जीझेड फाइल असते. पद्धत अशी.

आधी बॅकअप. नेटइन्स्टॉल डिस्क फॉरमॅट करतं. राउटर जिवंत असेल तर आधी एक्सपोर्ट (सगळ्या सेटिंगची मजकुराची फाइल) काढा आणि फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. राउटरओएस (राउटरची सिस्टिम) ७ मध्ये एक्सपोर्ट करताना पासवर्ड आपोआप गाळले जातात. ‘शो-सेन्सिटिव्ह’ असं सांगून द्यावं लागतं. राउटरओएस ६ मध्ये उलट होतं, तिथे पासवर्ड मुळातच यायचे आणि नको असतील तर ‘हाइड-सेन्सिटिव्ह’ म्हणावं लागायचं. सहाची सवय असलेला माणूस सातवर साधा एक्सपोर्ट काढतो आणि नेटइन्स्टॉल झाल्यावर त्याला कळतं की एकाही ग्राहकाच्या पीपीपीओई सिक्रेटमध्ये पासवर्ड नाही. फाइल उघडून डोळ्यांनी बघा, मगच पुढे जा. राउटरवर लॉगिन करणाऱ्या युजरांचे पासवर्ड कुठल्याच एक्सपोर्टमध्ये येत नाहीत, ते वेगळे लिहून ठेवा. लायसन्सची काळजी नको, राउटरबोर्डवर ते तसंच राहतं.

योग्य फाइल. आरबी७५०जीआर३ साठी ‘एमएमआयपीएस’ या प्रोसेसर-प्रकाराची एनपीके (राउटरओएसचं पॅकेज) फाइल लागते. पण २०२४ मध्ये याच हेक्स नावाने ई५०यूजी हे मॉडेल आलं, त्याचा प्रोसेसर एआरएम आहे. बाहेरून ओळखता येत नाही, स्टिकर वाचा. सीसीआर१०३६ वगैरे जुने मोठे राउटर ‘टाइल’, सीसीआर२००४ आणि सीसीआर२११६ ‘एआरएम६४’. राउटर चालू असेल तर सिस्टिम, रिसोर्सेसमध्ये ‘आर्किटेक्चर नेम’ लिहिलेलं असतं.

घरगुती वाय-फायचे मॉडेल करत असाल तर ७.१३ पासून वाय-फायचं पॅकेज वेगळं झालेलं आहे. एकटी राउटरओएसची फाइल टाकली तर राउटर चालू होईल, पण त्यात वाय-फायच नसेल. दोन्ही फाइली द्या, आणि मुख्य राउटरओएसची फाइल पहिली.

टेबलाची मांडणी. वायर या वेळी पहिल्याच पोर्टात, कारण इथरबूट (वायरवरून सिस्टिम घेऊन सुरू होणं) तिथूनच होतं. कॉम्प्युटरला हाताने १९२.१६८.८८.२ द्या. वाय-फाय बंद. यूएफडब्ल्यू तेवढ्यापुरता बंद. वायरच्या पलीकडे फक्त राउटर आहे, धोका नाही. कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यामध्ये एखादा साधा पाच पोर्टांचा स्विच ठेवा. राउटर रीस्टार्ट होताना थेट वायरचा लिंक दोन-तीनदा पडतो, नेटवर्क मॅनेजर दर वेळी इंटरफेस खाली-वर करतो आणि त्या दोन-तीन सेकंदांतच राउटरची हाक येऊन जाते. मध्ये स्विच असला की कॉम्प्युटरच्या बाजूचा लिंक पडतच नाही.

आज्ञा. सुडोने नेटइन्स्टॉल-सीएलआय, मग ‘-आर’, मग ‘-ए’ आणि राउटरला द्यायचा तात्पुरता पत्ता १९२.१६८.८८.३, शेवटी एनपीके फाइलचं नाव. ‘-आर’ म्हणजे कारखान्यातलं कॉन्फिग टाक. त्याऐवजी ‘-ई’ दिलं तर पूर्ण कोरा राउटर मिळतो, ज्यावर आयपीही नसतो. मग आत शिरायला मॅकचं लॉगिनच लागेल. प्रोग्राम ‘वाट बघतोय’ असं लिहून थांबतो. आधी हा थांबू द्या, मग राउटरला हात लावा.

बटण. पॉवर काढा. रिसेट दाबून ठेवा आणि दाबलेलं असतानाच पॉवर द्या. दिवा आधी लुकलुकतो. इथे सोडलं तर फक्त कॉन्फिग रिसेट होतं. मग दिवा स्थिर होतो. इथे सोडलं तर राउटर कॅप्स मोडमध्ये (दुसऱ्या कंट्रोलरच्या ताब्यातला वाय-फाय पॉइंट) जातो. तरीही दाबून ठेवा. साधारण वीस सेकंदांनी दिवा विझतो, तेव्हा सोडा. बहुतेकांचं बोट स्थिर दिव्यालाच सुटतं.

‘अॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ असा संदेश आला तर ६७ पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरलंय. व्हर्च्युअल मशिनांसाठी लिबव्हर्ट टाकलेलं असेल तर त्याचा डीएनएसमास्क (त्या मशिनांना पत्ते वाटणारा प्रोग्राम) विर-बीआर-शून्य या पुलावर ६७ धरून बसलेला असतो. सुडो एसएस ही आज्ञा देऊन यूडीपीची यादी बघा, तोच असेल तर लिबव्हर्टचं ‘डिफॉल्ट’ नेटवर्क थांबवा, काम झाल्यावर परत सुरू करा.

---

गावठाणनेट

एवढा खटाटोप करण्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक विंडोज ठेवलं तर सगळं एकाच जागी होत नाही का?

---

देबियनकर

होतं, पण नेटवर्क ‘एनएटी’वरून (कॉम्प्युटरच्या आडून) ‘ब्रिज्ड’वर (थेट बाहेरच्या नेटवर्कवर) आणि वायरच्या कार्डावर लावलं तरच. एनएटीमधून ब्रॉडकास्ट बाहेर जात नाही, म्हणजे नेबर्स नाही, मॅक लॉगिन नाही, नेटइन्स्टॉल नाही. ज्यासाठी विंडोज ठेवलं तेच नाही. वाय-फायच्या कार्डावरचा ब्रिजही मॅकच्या कामाला भरवशाचा नसतो. शिवाय त्या विंडोजचं लायसन्स, त्याचे अपडेट आणि चार जीबी रॅम. एका दोन-अडीच एमबीच्या फाइलसाठी हे मला जास्त वाटतं. ज्यांना ‘द ड्यूड’चं (मायक्रोटिकचा नेटवर्कवर नजर ठेवणारा प्रोग्राम) क्लायंट रोज लागतं त्यांनीही आधी वाइनच बघावं, ते वाइनमध्ये चालतं. फक्त क्लायंटची आवृत्ती राउटरवरच्या ड्यूड सर्व्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळली पाहिजे, आणि त्याला वाइनचं वेगळं प्रिफिक्स (स्वतंत्र फोल्डर) द्यावं, म्हणजे एकाच्या बिघाडाने दुसरं बंद पडत नाही.

---

जुनाटर्मिनल

पाचव्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. विंडोजमध्ये युजरच्या अॅपडेटा, रोमिंग, मायक्रोटिक, विनबॉक्स या फोल्डरमध्ये ‘अॅड्रेसेस’ नावाची सीडीबी फाइल असते. वाइन हाच मार्ग स्वतःच्या सी ड्राइव्हमध्ये तयार करतो: होम फोल्डरमधला डॉट-वाइन हा लपवलेला फोल्डर, त्यात ड्राइव्ह-सी, यूजर्स, तुमचं नाव, आणि पुढे तेच. कंट्रोल-एच दाबल्याशिवाय फाइल मॅनेजरमध्ये डॉट-वाइन दिसत नाही. विनबॉक्स बंद असताना फाइल तिथे ठेवा, उघडलं की यादी हजर.

आता कळकळीने सांगतो. मास्टर पासवर्ड लावलेला नसेल तर त्या फाइलमध्ये साठ-सत्तर राउटरांचे पासवर्ड वाचता येतील अशा स्वरूपात असतात. पेन ड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सअॅपवरून ती फाइल फिरवू नका. आधी विंडोजवरच ‘सेट मास्टर पासवर्ड’ करा, मग हलवा. आणि ज्या जुन्या हार्ड डिस्का काढल्या असतील त्या भंगारात देण्याआधी नीट पुसा.

वाइन सुडोने चालवू नका, हे पोर्टवाला म्हणाले त्याचं कारण: एकदा सुडोने चालवलं की डॉट-वाइनमधल्या फाइली रूटच्या (अ‍ॅडमिन खात्याच्या) मालकीच्या होऊ शकतात आणि दुसऱ्या दिवशी साध्या लॉगिनमधून वाइन ‘हे फोल्डर तुमच्या मालकीचं नाही’ म्हणून उघडायलाच नकार देतो. तसं झालंच असेल तर चाउन या आज्ञेने पूर्ण डॉट-वाइन स्वतःच्या नावावर करून घ्या. दुसरं, वाइनमधल्या प्रोग्रामला झेड ड्राइव्ह म्हणून तुमचा सगळा कॉम्प्युटर दिसतो. रूट म्हणून चालवलेली विंडोज फाइल म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या देणं. त्यामुळे विनबॉक्स फक्त मायक्रोटिकच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. कुणाकडे २.२ मालिकेतला जुना विनबॉक्स पडला असेल तर तो काढून टाका. तो राउटरमधून डीएलएल फाइली उतरवून कॉम्प्युटरवर चालवायचा, आणि मार्च २०१८ मध्ये कॅस्परस्कीने उघड केलेल्या ‘स्लिंगशॉट’ या हेरगिरीच्या व्हायरसने नेमका तोच रस्ता वापरला होता.

विनबॉक्सचं ८२९१ पोर्ट इंटरनेटकडे उघडं असेल तर आजच बंद करा. २०१८ मधली सीव्हीई-२०१८-१४८४७ ही फट याच पोर्टावरून लॉगिन न करता राउटरच्या फाइली, म्हणजे युजर-पासवर्डचा साठा, वाचू द्यायची. ६.४२ पर्यंतच्या आवृत्त्यांना ती आहे, ६.४२.१ मध्ये बुजवली. गावोगावच्या टॉवरांवर अजून जुने राउटर असतील तर आवृत्ती बघून घ्या. आयपी, सर्व्हिसेस, विनबॉक्स, ‘अव्हेलेबल फ्रॉम’मध्ये फक्त ऑफिसचा पत्ता टाका. घरून काम करायचं असेल तर राउटरओएस ७ मध्ये वायरगार्ड (सुरक्षित बोगदा, व्हीपीएन) आहे आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये तो ५.६ पासून आहेच. दोन्ही टोकांना वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

---

पोर्टवाला

विनबॉक्स ४ चा उल्लेख कुणी केला नाही. २०२४ मध्ये त्याची पहिली बीटा आली, आणि तो थेट लिनक्ससाठी बांधलेला आहे, वाइनची गरज नाही. ६४-बिट इंटेल-एएमडीच्या मशिनवर चालतो. झिप सोडवा, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘चालवण्याची परवानगी’ आहे का बघा. डबल क्लिकने काहीच झालं नाही तर टर्मिनलमधून उघडा, कुठली लायब्ररी कमी आहे ते नावासकट सांगतो, एलडीडी या आज्ञेनेही दिसतं.

फायरवॉलचे ते दोन नियम, वायरचं प्रोफाइल, ब्रॉडकास्टची वाट, हे सगळं विनबॉक्स ४ लाही जसंच्या तसं लागू आहे. वाइन काढल्याने नेबर्सची यादी भरत नाही.

---

केबलखोली

नेटइन्स्टॉल-सीएलआयने दोन हेक्स झाले. पहिल्या वेळी बोट स्थिर दिव्यालाच सुटलं, दुसऱ्या वेळी जमलं. एक्सपोर्टची फाइल उघडून बघितली, सिक्रेट्सना पासवर्ड नव्हते; ‘शो-सेन्सिटिव्ह’ने पुन्हा काढली. यादीही आली, मास्टर पासवर्ड लावूनच आणली.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. एका लॅपटॉपची स्क्रीन बारीक ठिपक्यांची आहे, तिथे विनबॉक्स ३ ची अक्षरं मुंगीएवढी दिसतात. आणि जुन्या राउटरच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-व्हीने एक्सपोर्टचे तुकडे चिकटवायला गेलं की भलतंच लिहिलं जातं, अर्धा शब्द लिहिला की तो स्वतःच पुढचं पूर्ण करतो.

---

तांब्याचीतार

अक्षरं: वाइनसीएफजी (वाइनची सेटिंग) उघडा, ग्राफिक्स टॅब, खाली डीपीआयची पट्टी ९६ वर असेल, ती १४४ करा. विनबॉक्स बंद करून परत उघडा. उबुंटूच्या सेटिंगमधलं १२५ किंवा १५० टक्क्यांचं स्केलिंग वेलँडवर (उबुंटूची नेहमीची पडद्याची यंत्रणा) वाइनच्या खिडक्या धूसर करतं, म्हणून आधी डीपीआयनेच जमवा.

टर्मिनल: जुन्या राउटरओएसमध्ये कंट्रोल-व्ही म्हणजे ‘हॉटलॉक’ चालू-बंद करणं. प्रॉम्प्टच्या शेवटी एका बाणाऐवजी दोन बाण दिसत असतील तर हॉटलॉक लागलेला आहे. त्या अवस्थेत टर्मिनल प्रत्येक अक्षरागणिक शब्द पूर्ण करत जातं, आणि त्यात चिकटवलेला मजकूर पूर्ण विस्कटतो. पुन्हा कंट्रोल-व्ही दाबा, एक बाण राहू द्या, मग उजवं क्लिक करून ‘पेस्ट’ घ्या.

मोठी फाइल मात्र चिकटवूच नका. तुकडे मधे गळले तर कुठली ओळ गेली ते शोधत बसावं लागतं. एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवणं) आरएससी, म्हणजे एक्सपोर्टची फाइल राउटरवर चढवा, लिनक्सच्या फाइल मॅनेजरमधूनही चढवता येते, आणि टर्मिनलमध्ये ‘इम्पोर्ट’ म्हणून फाइलचं नाव द्या. चुकीच्या ओळीवर तो थांबतो आणि ओळीचा क्रमांक सांगतो. राउटर सहाच्या आवृत्तीचा असेल आणि एसएसएच जोडणी ‘होस्ट की’च्या (राउटरच्या ओळखीच्या किल्लीच्या) कारणाने नाकारत असेल, तर ते ओपनएसएसएच ८.८ पासून जुनी एसएसएच-आरएसए सही बंद केल्यामुळे. त्या एकाच राउटरच्या पत्त्यासाठी एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये होस्टकीअल्गोरिदम्सच्या ओळीत अधिक चिन्ह लावून एसएसएच-आरएसए जोडा. सगळ्यांसाठी उघडू नका.